वाक्यात शिरला की ‘क’ कुठे जातो?

मुलांच्या बोलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. देवगडच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यातला प्रश्न रत्नागिरीतल्या माझ्या स्पीच थेरपीच्या दवाखान्यात थोड्याफार फरकाने सतत कानावर येतो: मुलाचे उच्चार आणि त्याच्या लक्षात राहणं, न राहणं यांचा काही संबंध असतो का? नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा मुलगा चार वर्षं आठ महिन्यांचा आहे. तो ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणतो. काका म्हणजे ‘ताता’, गाडी म्हणजे ‘दाडी’. घरी आम्ही मालवणी बोलतो, त्यामुळे ‘माका केळा व्हया’चं ‘माता तेळा व्हया’ होतं. समोर बसवून ‘क म्हण’ म्हटलं तर कधी कधी बरोबर म्हणतो, पण बोलायला लागला की पुन्हा ‘त’. दुसरं म्हणजे त्याच्या लक्षात काही राहत नाही. ‘चपला घाल, डबा पिशवीत ठेव आणि आजोबांना हाक मार’ असं सांगितलं तर नुसती हाक मारून येतो. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष देत नाही. आणि गणपतीत मात्र सगळ्या आरत्या पाठ! सासूबाई म्हणतात, ‘तेची जीभ जड आसा, वेखंड उगाळून लाय.’ एका नातेवाइकांनी जिभेखालची शीर कापून घ्या म्हणून सुचवलं. शाळेने सांगितलंय, घरी मालवणी बंद करा. मोबाइलवर स्मरणशक्ती वाढवण्याचा एक कोर्स आहे, तो लावू का? सगळे वेगवेगळं सांगतात, मला काही सुचत नाही.
— एक आई, देवगड तालुका

उत्तर: आधी शीर आणि वेखंड यांचा निकाल लावू, म्हणजे मूळ गोष्टीकडे येता येईल.

जिभेखालचा पडदा, ज्याला शीर म्हणतात, तो आखूड असला तर तो जिभेच्या टोकाला अडवतो. ‘क’ आणि ‘ग’ म्हणताना टोकाला काही कामच नसतं. ते खाली पडून राहतं आणि जिभेचा मागचा भाग उचलला जाऊन मागच्या मऊ टाळूला टेकतो. शिवाय तुमचा मुलगा ‘क’च्या जागी म्हणतो तो ‘त’. ‘त’साठी जिभेचं टोक वरच्या दातांपर्यंत जावं लागतं आणि त्याचं ते दिवसभर बिनतक्रार जातंय. म्हणजे टोक उत्तम चालतंय. शीर कापून ‘क’ येणार नाही.

वेखंडाबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच सांगा की त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेत १९६८ सालीच खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी झाली. पोटात गेलं तर जोराच्या उलट्या होऊ शकतात. जीभ जड असण्याचा इथे प्रश्न नाही, तेव्हा वेखंडाचाही नाही.

त्याऐवजी पहिलं काम कान तपासण्याचं. आपल्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत मुलांची सर्दी हटत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती बंद होते आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहतं. कान दुखेलच असं नाही, फुटेलच असंही नाही. हाक मारली की मूल ‘ओ’ देतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. पण बोलण्यातले बारीक फरक त्याच्यापर्यंत अर्धवट पोचतात. तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते बघणारी) व टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी) या दोन्ही तपासण्या मागा. दुसरीत कानाला रबरी टोक लावून हवेचा हलका दाब देतात. मिनिटाभराचं काम आहे, दुखत नाही.

कान चांगले निघाले असं धरून पुढे जाऊ. त्याला ‘क’ आणि ‘त’ यांतला फरक कळतो का, हे घरीच बघता येईल. दोन चित्रं काढा. एकात ताटलीतले नीरफणसाचे काप, दुसऱ्यात ताप आलेलं, गोधडीत झोपलेलं मूल. तुम्ही ‘काप’ म्हणा, ‘ताप’ म्हणा, त्याने फक्त बोट ठेवायचं. त्याला काही म्हणायला लावू नका. मग हाक आणि हात, नाक आणि नात, गार आणि दार. म्हणताना तोंडासमोर वहीचं पान धरा, नाहीतर तो ओठ बघून ओळखेल. आणि एक करा, केळं हातात घेऊन मुद्दाम त्याच्यासारखंच विचारा, ‘तेळा व्हया?’ पुष्कळ मुलं चिडतात आणि म्हणतात, ‘तेळा नाय, तेळा!’ जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९६० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडचा असाच प्रसंग नोंदवला होता. तुमचा मुलगा चिडला तर आनंद माना. शब्द कानात आणि मनात बरोबर साठवलेला आहे, बाहेर पडताना बदलतोय.

आता दुसऱ्या तक्रारीकडे. तुम्ही ती वेगळी म्हणून लिहिली आहे. मला ती पहिलीला लागूनच असलेली दिसते.

ऐकलेलं काही क्षण मनात धरून ठेवायचं आणि त्याच वेळी त्यावर काम करायचं, या क्षमतेला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, तिच्यावर आमचं काम अजून उभं आहे. तिचा एक भाग फक्त बोलण्यातल्या आवाजांसाठी असतो. ऐकलेल्या आवाजाचा ठसा तिथे जेमतेम दोनेक सेकंद टिकतो. अधिक टिकवायचा तर मनातल्या मनात पुन्हा म्हणावा लागतो. कुणी फोन नंबर सांगितला की पेन सापडेपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो, ते हेच. लहान मुलांना हे पुटपुटणं सुचत नाही. जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मुलांना चित्रांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितलं आणि मधल्या वेळात त्यांचे ओठ हलतात का ते पाहिलं. पाच वर्षांच्या मुलांत ते क्वचितच हलले, सात वर्षांच्या अर्ध्याहून जास्त मुलांत हलले आणि दहा वर्षांच्या बहुतेकांत.

तुमच्या एका वाक्यात चपला, डबा, पिशवी, आजोबा आणि तीन कामं होती. मोठं माणूस एका दमात ऐकलेले सातेक आकडे परत म्हणू शकतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन-चार जमतात. हाक मारायची ही शेवटची गोष्ट, तिचा आवाज ताजा होता, तेवढी त्याने केली. त्याने ऐकलं नाही असं नव्हे. जेवढं उरलं तेवढं तो मनापासून करून आला. शाळेतल्या बाईंना जे लक्ष न देणं वाटतं त्यातही मोठा वाटा याचाच असू शकतो. वर्किंग मेमरी तोकडी पडणारी मुलं वर्गात बेफिकीर दिसतात, हे वारंवार आढळलेलं आहे.

आता हेच बोलण्याला लावून पाहा. ‘क म्हण’ म्हटल्यावर त्याला एकच काम असतं, सगळं बळ तिथे लागतं आणि ‘क’ निघतो. पण त्याला सांगायचं असतं, ‘काकान माका गाडयेन देवगडाक नेल्यान.’ काय घडलं ते आठवायचं, शब्द गोळा करायचे, क्रम लावायचा, आणि शब्दाशब्दात तो नवा, अजून न मुरलेला ‘क’ सांभाळायचा. एवढ्याला जागा पुरत नाही. मग जीभ सवयीच्या ठिकाणी जाते आणि ‘तातान माता दाडयेन देवदडात नेल्यान’ असं होतं. अशा वेळी आपण म्हणतो, ‘नीट बोल!’ म्हणजे आधीच भरलेल्या हातांत आणखी एक वस्तू देतो. काय सांगायचं होतं तेच मूल विसरतं, नाहीतर गप्प बसतं. माझी तुम्हाला अगदी कळकळीची विनंती आहे, हे दोन शब्द घरातून काढून टाका. आजीला, काकालाही सांगा.

याची तपासणी कशी होते, तेही सांगते. मुलाला अर्थ नसलेले शब्द ऐकवून पुन्हा म्हणायला सांगतात. ओळखीच्या शब्दाला अर्थाचा आधार मिळतो. निरर्थक शब्द निव्वळ आवाजांच्या आठवणीवरच धरावा लागतो. सुझन गॅदरकोल आणि बॅडली यांची अशी चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ज्याला ‘क’च येत नाही त्याला ‘क’ असलेला शब्द देऊन काय कळणार? म्हणून लॉरेन्स श्रीबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फक्त ब, द, म, न आणि ‘आ’ एवढ्यावर चाचणी बांधली. हे आवाज उच्चारदोष असलेल्या मुलांनाही बहुधा येतात. मी त्याच धर्तीवर काम करते. एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून, डोळे स्पीकरवर. ‘बादा’ तिने आवाज थांबायच्या आत म्हटलं. ‘बामाना’ म्हणताना मान हलवत एकेक अक्षर टाकलं. ‘नादामाबा’ ऐकलं आणि ओठ जुळले, थांबले, मग आलं ‘नामाबा’. तिन्ही अक्षरं स्वच्छ, चौथं नाहीच. जीभ अडत नव्हती, आवाज मनात टिकत नव्हते. उलट तुमच्या मुलासारखाच ‘ताता’ म्हणणारा एक मुलगा चार अक्षरं बिनचूक म्हणून मोकळा झाला. त्याच्या आठवणीत काही उणं नव्हतं, जिभेला जागा शिकवायची होती. वरून दोघांचं बोलणं सारखंच अस्पष्ट वाटे. उपचार मात्र वेगळे झाले.

म्हणून तुमच्या मुलाची आठवण कमी आहे, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. तीन कामांतलं एक करून येणं हे त्याच्या वयाला फार वेगळं नाही. ‘क’चा ‘त’ मात्र बहुतेक मुलांत साडेतीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जातो आणि चार वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचं बोलणं परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळायला हवं. तेव्हा आता वाट पाहू नका, स्पीच थेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. ओरोसला जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ऑनलाइन थेरपीही या वयात जमते, पण पहिली तपासणी समोरासमोर व्हावी.

आरत्यांचं कोडं सोपं आहे. चाल, टाळ, दरवर्षी तेच शब्द, यांमुळे आरती कायमच्या आठवणीत जाऊन बसलेली असते. तिथे धरून ठेवण्याचं काम उरत नाही. त्याने कौतुकाने म्हणावी, आपण ऐकावी. पण ‘आरती येते, मग हे कसं येत नाही?’ असं त्याला विचारू नका.

आणि तो मोबाइलवरचा कोर्स घेऊ नका. स्मरणशक्तीच्या खेळांवरच्या पुष्कळ प्रयोगांचा एकत्रित आढावा मोनिका मेल्बी-लेर्व्होग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये घेतला. मुलं त्या खेळात तरबेज होतात, पण वाचन, भाषा, गणित यांत त्याचा टिकाऊ उपयोग दिसला नाही. आठवण ताणून वाढवण्यापेक्षा तिच्यावरचं ओझं कमी करणं आपल्या हातात आहे.

ओझं कमी कसं करायचं? सूचना एका वेळी एक द्या. चपला घालून झाल्या की डबा. दोन द्यायच्याच असतील तर ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने सांगा, ‘जेवायच्या आधी हात धू’ म्हणण्यापेक्षा ‘हात धू, मग जेव’. सांगितल्यावर थांबा. तो हलत नाही म्हणून लगेच नव्या शब्दांत पुन्हा सांगितलं तर आधीचंही पुसलं जातं. पुन्हा सांगायचं तर त्याच शब्दांत.

‘क’चा सराव थोडा थोडा, खेळातून. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावा, मान मागे टाकून घशात होणारा आवाज त्याला ऐकू द्या. काही मुलांना उताणं झोपवून ‘का’ म्हणायला सांगितलं की लवकर जमतं, कारण जीभ आपल्या वजनाने मागे जाते. आधी का, की, कू. मग नाक, हाक असे छोटे शब्द, कारण पुष्कळ मुलांना शब्दाच्या शेवटचा ‘क’ सुरुवातीच्या ‘क’च्या आधी साधतो. लांब शब्द आणि वाक्यं सगळ्यात शेवटी.

आणि मालवणी बंद करायची? अजिबात नाही! माका, तुका, तेका, आमका. जी भाषा मुलाला उठताबसता ‘क’ ऐकवते आणि म्हणायला लावते, ती ऐन गरजेच्या वेळी काढून कशी घेता? संध्याकाळी पडवीत बसून चिंचोके वाटा, ‘ह्यो माका, ह्यो तुका’. एकेक चिंचोका, एकेक ‘क’. वाक्य इतकं छोटं आणि ठरलेलं की त्याला काही आठवावं लागत नाही, सगळं लक्ष ‘क’वर राहतं. घरभर कुणाकुणाला वाटायचं ते त्यालाच ठरवू द्या. तो ‘माता’ म्हणाला तर अडवू नका. पुढचा चिंचोका देताना तुम्ही स्वच्छ, थोडं सावकाश ‘हां, तुका!’ म्हणा. दोन भाषा किंवा घरची बोली यांमुळे उच्चारदोष होत नाही, हे शाळेला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडची बरीच मुलं ‘पानी’, ‘डोला’, ‘काला’ असं बोलतात. हा वाचादोष धरून नोंद करायची का? एक मुलगा मात्र वेगळा वाटतो. तो नवीन शब्द शिकवला की अर्धाच म्हणतो. ‘हेलिकॉप्टर’चं ‘हेकॉटल’. गाण्यात सगळ्यांच्या मागे राहतो.
— अलिबाग तालुका

उत्तर: पानी, डोला, काला याची नोंद करू नका. आगरी आणि कोळी बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. आई, आजी, शेजारी ज्या बोलीत बोलतात तसंच मूल बोलत असेल तर ते आपली भाषा बरोबर शिकलं आहे. शाळेचा ‘ण’ आणि ‘ळ’ ते शाळेत शिकेल. मुलाचं बोलणं घरच्या माणसांच्या बोलण्यापेक्षा वेगळं आहे का, एवढं बघायचं. त्यासाठी न्यायला आलेल्या आईशी दोन मिनिटं बोललात तरी पुरे.

त्या एका मुलाकडे तुमचं लक्ष गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पहिल्यांदा कानावर पडणारा प्रत्येक शब्द मुलासाठी निरर्थक आवाजच असतो. तो क्षणभर तंतोतंत धरता आला तरच पुढे अर्थाशी जोडला जातो. गॅदरकोल यांनी मुलांना काही वर्षं सलग तपासलं, तेव्हा चार वर्षांच्या वयात निरर्थक शब्द नीट म्हणता येणाऱ्या मुलांचा शब्दसाठा वर्षभराने मोठा निघाला. पुढे मात्र उलटंही घडतं, ज्याला शब्द जास्त येतात त्याला नवा शब्द धरणं सोपं जातं. म्हणजे मागे राहणाऱ्या मुलाला शब्द शिकवत राहणं हाही उपायच आहे. त्याच्यासाठी शब्द तोडून टाळ्यांवर म्हणा, हे-लि-कॉप्-टर. दिवसभरात एकच नवा शब्द, पण छोट्या छोट्या वाक्यांत पुष्कळदा. गाणं शिकवताना पहिले काही दिवस एकच कडवं, हातवाऱ्यांसह.

आणि त्याची नोंद नक्की करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या कोकणातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ऐकण्यातले दोष आणि भाषेला होणारा उशीर या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीत आहेत. पथक आलं की त्या मुलाला घाईत रांगेतून जाऊ देऊ नका. ‘हेकॉटल’सारखे त्याचे पाच-सहा शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. ‘स्पष्ट बोलत नाही’ या शेऱ्यापेक्षा ते शब्द आम्हाला कितीतरी जास्त सांगतात.

प्रश्न: मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. आई, बाबा, भू-भू असे दहाएक शब्द बोलतो. दोन शब्द जोडत नाही. घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, मीही तिसऱ्या वर्षी बोललो. थांबू का?
— एक वडील, वेंगुर्ला

उत्तर: थांबू नका. दोन वर्षं पूर्ण होताना पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोड अपेक्षित असते. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे मागे असतात, पण इतके नाही. यातली काही मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरं, मात्र कोणती येतील हे घरी बसून ओळखता येत नाही. इथे प्रश्न उच्चारांचा नाही, भाषेचा आहे. या महिन्यातच श्रवणतपासणी करून घ्या. मूल यंत्राला दाद देत नसेल तर झोपेत करायची बेरा ही तपासणी आहे. तो बोट दाखवून वस्तू मागतो का, नावाने हाक मारल्यावर वळून बघतो का, सांगितलेलं समजतं का, हे लिहून घेऊन जा.

प्रश्न: नात तीन वर्षं दोन महिन्यांची. मुंबईत पाळणाघरात इंग्रजी, घरी मराठी. ‘र’ला ‘ल’ म्हणते, ‘आबा, लात्ली गोट्ट सांगा’. रोज फोनवर तीच गोष्ट मागते, एक शब्द बदलला तर रुसते. मे महिन्यात दोघी, ती आणि तिची आई, इकडे येतील. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हणायची पद्धत होती, त्याने जीभ वळायची आणि स्मरणशक्तीही वाढायची. तिच्याकडून स्तोत्रं, पाढे पाठ करून घ्यावे का? दोन भाषांनी गोंधळ होतो म्हणून मराठी कमी करावी, असं सुनेला कुणीतरी सांगितलंय.
— एक आजोबा, गुहागर तालुका

उत्तर: आजोबा, मराठी कमी करू नका. दोन भाषांत वाढणारं मूल कधी कधी एका वाक्यात दोन्हींचे शब्द घालतं, पण त्याने उच्चार बिघडत नाहीत. आजोबांशी बोलायची भाषा तिच्याकडून काढून घेण्याचं काहीही कारण नाही.

‘र’ सगळ्यात उशिरा येणाऱ्या आवाजांपैकी आहे. शॅरिन मॅकलाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांतले अभ्यास एकत्र पाहिले. पाच वर्षांपर्यंत मुलं बहुतेक व्यंजनं बरोबर म्हणू लागतात आणि मागे राहणाऱ्यांत ‘र’ असतो. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला साधारण तीन चतुर्थांश कळलं तर ते वयाप्रमाणे आहे. मुंबईत दुकानदाराला, शेजाऱ्यांना तिचं किती कळतं, ते सुनेला विचारा.

परवचा जरूर म्हणा, पण तिला पुढ्यात बसवून पाठ करून घेऊ नका. संध्याकाळी दिवा लावून तुम्ही नेहमीसारखं म्हणत राहा, ती येऊन बसेल आणि ओळींची शेवटची अक्षरं आधी पकडेल. स्पष्ट, संथ, तालात म्हटलेले आवाज कानाला मिळतात, हा खरा लाभ. आमच्या पिढीचेही उच्चार त्यावर घडले. पण स्तोत्र पाठ झालं म्हणून वर्किंग मेमरी मोठी होत नाही. ती वयाबरोबर पौगंडावस्थेपर्यंत वाढत राहते. त्यामुळे परवच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

रोज तीच गोष्ट मागते, हे उत्तम लक्षण आहे. ओळखीच्या गोष्टीत पुढचं काय ते धरून ठेवावं लागत नाही, त्यामुळे शब्दांचे आवाज ऐकायला मन मोकळं राहतं. म्हणून तर तुम्ही बदललेला एक शब्दही तिला कळतो. मे महिन्यात ती गोष्ट तशीच सांगा आणि एखाद्या ओळीच्या शेवटी थांबा. ती ‘लाजा’ म्हणाली की मान डोलवा, ‘हो, राजा!’ म्हणा आणि गोष्ट पुढे न्या. ‘र म्हण, र’ नको. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही ‘र’ आला नाही, किंवा त्याआधीच ‘क’, ‘ग’, ‘स’ असे इतर आवाजही चुकताहेत असं दिसलं, तर मला पुन्हा लिहा. पत्रात तिचं एखादं पूर्ण वाक्य ती म्हणते तसंच लिहा, या वेळी लिहिलंत तसं.